गव्हाच्या पैशातून पीएच.डी.

'पीएल ४८०' हे नाव आपल्याकडच्या एका पिढीला रेशनच्या रांगेमुळे ठाऊक आहे. त्या अमेरिकी गव्हाच्या पोळ्यांच्या आठवणी घरोघरी निघतात. पण त्याच गव्हाच्या पैशावर परदेशी विद्यार्थी पीएच.डी.साठी भारतात येऊन राहिले, हे फारसं कोणी सांगत नाही.

अशा शिष्यवृत्त्यांचं मूळ या गव्हाच्याही आधीचं आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा अमेरिकी सैन्याचं कितीतरी सामान जगभर पडून होतं. ते विकत घ्यायला इतर देशांकडे डॉलर नव्हते. आर्कान्सा राज्याचे सिनेटर विल्यम फुलब्राइट यांनी तोड काढली : त्या देशांनी आपापल्या चलनात पैसे द्यावेत आणि त्यातून विद्यार्थी-अध्यापकांची देवाणघेवाण व्हावी. १ ऑगस्ट १९४६ रोजी त्याचा कायदा झाला. भारताशी करार झाला फेब्रुवारी १९५० मध्ये. पुढच्याच वर्षी भारताला धान्यासाठी १९ कोटी डॉलरचं कर्ज मिळालं, तेव्हा व्याजाचे पहिले ५० लाख डॉलर शैक्षणिक देवाणघेवाणीसाठी राखून ठेवले गेले. धान्य आणि विद्या यांची गाठ पडली ती इथे.

१९५४ च्या 'पब्लिक लॉ ४८०' म्हणजेच 'पीएल ४८०' या अमेरिकी कायद्याने हीच युक्ती फार मोठी केली. अमेरिकेच्या कोठारांत गहू मावत नव्हता आणि भारताकडे डॉलर नव्हते. ऑगस्ट १९५६ मधल्या पहिल्या करारापासून भारत गव्हाची किंमत रुपयांत भरू लागला. ते रुपये अमेरिकेच्या नावावर भारतातच साठत. त्यांचे डॉलर करून नेता येत नसत, म्हणून ते इथेच खर्चणं भाग होतं. बराचसा पैसा कर्ज आणि अनुदान म्हणून भारत सरकारकडेच परत येई. लहानसा वाटा अभ्यासाला मिळे, आणि या कथेपुरता तोच मोलाचा.

(गाजरगवत याच गव्हातून आलं, असं आपण ठामपणे सांगतो. पण पुण्यात सापडलेल्या या तणाची नोंद छापून आली १९५६ मध्ये, आणि करारही त्याच वर्षीच्या ऑगस्टमधला. तारखा इतक्या चिकटून असताना सगळा दोष या कराराच्या गव्हावर टाकायला माझं मन धजत नाही.)

१९६१ मध्ये पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातले संस्कृतज्ञ नॉर्मन ब्राउन यांच्या पुढाकाराने 'अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीज' स्थापन झाली. सुरुवातीच्या काळात तिचं भारतातलं ठाणं पुण्यात, डेक्कन कॉलेजात होतं. प्रबंधाचं काम करणाऱ्या विद्यार्थ्यांना ती भारतात राहण्यासाठी शिष्यवृत्ती देई, आणि तिच्या तिजोरीत गव्हाचे रुपयेही आले. १९६२ पासून याच रुपयांतून 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'चं दिल्ली कार्यालय भारतीय भाषांतली नवी पुस्तकं घेऊन अमेरिकी विद्यापीठांना धाडू लागलं. मराठी कादंबऱ्या, कवितासंग्रह, चरित्रं अशी शिकागोपर्यंत गेली. मला यातलं हे सगळ्यात थोर वाटतं. आपल्याच गावच्या वाचनालयात जे पुस्तक आता मिळत नाही, ते तिथे नीट जपलेलं सापडू शकतं.

रुपयांचा ढीग मात्र वाढतच गेला. १८ फेब्रुवारी १९७४ रोजी अमेरिकेचे राजदूत डॅनियल पॅट्रिक मॉयनिहन यांनी १,६६४ कोटी रुपयांचा एकच धनादेश भारत सरकारच्या हाती दिला आणि बहुतेक हिशेब मिटवला.

विकासाच्या इतिहासावर पीएच.डी. करणारे विद्यार्थी आता याच मदतीची कागदपत्रं तपासतात : कोणी कोणाला काय दिलं, कशाच्या बदल्यात दिलं. डेव्हिड एंगरमन यांचं 'द प्राइस ऑफ एड' हे २०१८ चं पुस्तक याच वाटेवरचं. या कामासाठी त्या विद्यार्थ्यांनाही कोणी ना कोणी पैसा देतंच. ते ज्या ग्रंथालयात बसतात, तिथल्या कित्येक जुन्या भारतीय पुस्तकांच्या सूचिपत्रावर अजून तीच खूण दिसते : पीएल ४८०.