गाळणी कुठे घालायची?

दक्षिण फ्रान्समधल्या वालक्रो इथे १९७० साली मातीचं एक धरण बांधताना निचऱ्याच्या खडीला वाळूच्या गाळणीऐवजी न विणलेलं कृत्रिम कापड लावलं गेलं. मातीच्या धरणात जिओटेक्स्टाइल गाळणी म्हणून वापरल्याचं हे पहिलं उदाहरण मानतात, आणि ती गाळणी टिकली. तिच्यामागचा विचार मृदा-यांत्रिकीचा पाया घालणाऱ्या टेर्झागीच्या काळापासूनचा: छिद्रं एवढी बारीक हवीत की माती वाहून जाऊ नये, आणि एवढी मोठी की पाणी अडू नये. पुढे हाच हिशेब घेऊन कापड लँडफिलच्या, म्हणजे कचरा पुरण्याच्या जागेच्या, तळाशी गेलं, आणि तिथे ते चोंदू लागलं. दोष साहजिकच कापडावर आला. माझ्या मते तो त्याच्या जागेचा होता.

धरणातून झिरपतं ते पाणी. कचऱ्यातून झिरपतं ते लीचेट, म्हणजे जिवाणू, सेंद्रिय आम्लं आणि विरघळलेलं कॅल्शियम यांचं मिश्रण. जिवाणू धाग्यांवर चिकट थर धरतात आणि आम्लं खाऊन टाकतात. त्यामुळे आम्लता उतरते, कार्बोनेट वाढतं आणि चुन्याचा कठीण थर बसू लागतो. बोअरच्या पाण्याने बादलीला धरतो तसा. टेर्झागीच्या नियमात कणांच्या आकाराला जागा आहे, या घडामोडीला नाही. ती किती दूर जाते हे टोरोंटोजवळच्या कील व्हॅलीत दिसलं. १९८३ ते २००२ चाललेल्या या लँडफिलचा तळ मध्येच उकरून पाहिला गेला आणि फ्लेमिंग, रो व कलिमोर यांनी १९९९ साली निष्कर्ष छापले. लीचेट गोळा करणाऱ्या नळांजवळची, लीचेटमध्ये बुडालेली खडी वाईट तुंबली होती, आणि साचलेल्या घट्ट पदार्थात निम्म्याहून अधिक कॅल्शियम कार्बोनेट होतं. म्हणजे कापड नसतानाही निचरा तुंबतोच. उलट कचरा आणि खडी यांच्यामध्ये जिथे कापड अंथरलं होतं, तिथली खडी थेट कचऱ्याखालच्या खडीपेक्षा बरीच मोकळी होती.

यावर आक्षेप असा, की खडीऐवजी कापड चोंदलं तर मिळवलं काय? लीचेट वर साचेलच. साचेल, पण कुठे, यावर सगळं अवलंबून आहे. लायनरमधून, म्हणजे खडीखालच्या गळतीरोधक थरातून, होणारी गळती त्या लायनरवर उभ्या असलेल्या लीचेटच्या उंचीवर ठरते. म्हणून तर अमेरिकेच्या १९९१च्या नियमांनी ती ३० सेंटिमीटरच्या आत ठेवायला सांगितलं. कापडाच्या वर तुंबलेलं लीचेट त्या उंचीत धरलं जात नाही, मधली खडी वाहती असेल तोवर. शिवाय अर्धवट चोंदलेल्या कापडातूनही, आणि कापड मोठ्या क्षेत्रावर पसरलेलं असल्याने, बराच प्रवाह खाली उतरू शकतो. उतारावर मात्र वर साचलेलं लीचेट बाजूने फुटून बाहेर येण्याचा धोका खरा आहे, तो मी नाकारत नाही. पण ‘मग कापड नकोच’ हा सल्ला ज्या अनुभवांतून आला, त्यांत कापड पुष्कळदा नळाभोवतीच गुंडाळलेलं असे. अख्ख्या तळाचं लीचेट तिथे हातभर रुंदीत एकवटतं, आणि चुना बसवणारा सगळा मालही त्याच्यासोबत तिथेच येऊन पोचतो.