ओळखीची ग्वाही : नाशिकच्या वह्या आणि त्रयस्थामार्फत प्रवेश

नाशिकक्षेत्री रामकुंडावर आलेल्या यात्रेकरूस तीर्थोपाध्याय प्रथम गाव, आडनाव व पूर्वजांची नावे विचारतात आणि मग वही उघडतात. तीत आजा-पणजाचा लेख निघाला म्हणजे उपाध्याय-यजमान संबंध सिद्ध होतो; नुसत्या तोंडी सांगण्यास तितके मोल नाही. अपरिचिताची ओळख पूर्वनोंदीशी ताडून पटविण्याची ही रीत संगणकयुगात निराळ्या रूपाने अवतरली आहे. तिचा इतिहास व ती अडते ती स्थळे येथे पाहावयाची आहेत.

एका ठिकाणी नोंदलेल्या ओळखीवर इतर संकेतस्थळांनी विसंबावे, हा विचार २००५ मध्ये ब्रॅड फिट्झपॅट्रिक यांच्या ओपनआयडीने रुजविला. २००७ मध्ये ओऑथची पहिली आवृत्ती निघाली. तिचा मूळ हेतू ओळख पटविणे हा नव्हता. पासवर्ड न देता मर्यादित अधिकार सोपविणे हा होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिची दुसरी आवृत्ती प्रसिद्ध झाली आणि ओळखीचा थर तीवर २०१४ मध्ये ओपनआयडी कनेक्टने चढविला.

एप्रिल २००९ मध्ये पहिल्या आवृत्तीतील एक गंभीर दोष उघड झाला. प्रवेशाचा आरंभ एकाने करावा, संमती दुसऱ्याकडून मिळवावी आणि फळ पहिल्याने घ्यावे, असे त्यात शक्य होते. कारण आरंभ करणारा व संमती देणारा एकच आहे, हे कोठेच ताडले जात नव्हते. जूनमधील सुधारित आवृत्तीने परतीचा पत्ता आरंभीच कळविण्याचे बंधन घातले व संमतीनंतर पडताळणीचा संकेतांक देण्याची योजना केली.

आजच्या बहुतेक अडचणींचे मूळ याच ताडण्यात सापडते. जँगोसारख्या चौकटीत रचलेले संकेतस्थळ मध्यस्थ सर्व्हरच्या मागे असले, तर त्यास स्वतःचा पत्ता 'एचटीटीपी' असा भासतो. नोंद मात्र 'एचटीटीपीएस' अशी असते. पत्ते जुळत नाहीत व प्रवेश नाकारला जातो. शेवटची एक तिरकी रेघही पुरेशी होते. 'डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू'सह निघून त्यावाचून परतणाऱ्याची कुकी मागे राहू शकते, आणि आरंभीची खूण पडताळता येत नाही.

अशा वेळी ताडणीच सैल करण्याचा मोह होतो. तो घातक होय. मूळ योजना कोणती होती हे मध्यस्थाने कळवावे, त्यावर विश्वास ठेवण्यास चौकटीस सांगावे, आणि निघणे व परतणे एकाच पत्त्यावर ठेवावे, हाच खरा उपाय. जानेवारी २०२५ च्या सुरक्षाविषयक मार्गदर्शनानेही, स्थानिक पत्त्यातील पोर्टक्रमांकाचा अपवाद वगळता, परतीचा पत्ता अक्षरशः जुळलाच पाहिजे असे ठरविले आहे.

गावाचे नाव चुकले, तर उपाध्याय वही मिटून अंदाजाने यजमान ठरवीत नाही. तो पुन्हा विचारतो व योग्य पान शोधतो. नोंद दुरुस्त करावी, कसोटी सोडू नये, हा विवेक दोन्हीकडे एकच आहे. तो सुटला, तर खरा धनी दाराबाहेर राहतो, किंवा परका त्याच्या नावाने घरात शिरतो.