दूरचा बाण, खोलचा बाण

निजामाच्या राजवटीत १९१६ साली बांधलेल्या काचीगुडा स्थानकातून महबूबनगरकडे लोहमार्ग जातो. त्या दिशेला, कृष्णेच्या अलीकडे, अमराबादचे पठार व नल्लमलाचे अरण्य आहे. तेथील चेंचू लोकांत १९४० साली हैमेनडॉर्फ हे ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ जाऊन राहिले. १९४३ साली त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. चेंचू पुरुषाचे भूषण धनुष्यबाण. पोट मात्र मुख्यत्वे कंदमुळांवर भरे. बाणाचे लोखंडी टोक मैदानी मुलखातून मिळवावे लागे. तेव्हा हरवलेला बाण म्हणजे गाठीचे लोखंड गेले.

मोठ्या जनावरासाठी बाण कोणता घ्यावा, हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. १३६३ च्या सुमारास संकलित झालेल्या 'शार्ङ्गधरपद्धती'त त्याचा विचार आढळतो. शर फार जाड नको, फार बारीक नको, कच्चा नको. पुढे जाड तो स्त्रीबाण, मागे जाड तो पुरुषबाण, सारखा तो नपुंसक. पहिला दूर जातो, दुसरा दृढ भेद करतो, तिसरा नेमबाजीच्या सरावाचा. नावे आज चमत्कारिक वाटतील. पण दूर जाणे आणि खोल रुतणे हे दोन गुण एकाच बाणात मागू नयेत, ही जाण त्यांत स्पष्ट आहे.

ती खरीही आहे. एकाच धनुष्यातून हलका बाण वेगाने सुटतो, पण जाड कातडे व हाड यांपुढे त्याचे बळ सरते. जड बाण संथ सुटतो आणि खोल शिरतो. मात्र वाटेत अधिक खाली येतो. सेकंदाला ५० मीटर वेगाचा बाण २० मीटरांवर पाऊण मीटरहून थोडा अधिक खाली येतो, ४० मीटरांवर तीन मीटरांहून अधिक. अंतर दुप्पट, उतार चौपट! शिवाय तेवढ्या वेळात सांबर एक पाऊल टाकते. बाण पोटात बसतो आणि ते रानात दूर जाऊन तडफडत मरते. म्हणूनच दाट रानातल्या शिकाऱ्याने दूरचा बाण शोधण्यापेक्षा स्वतः जवळ सरकणे शहाणपणाचे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले. १९८३ साली नल्लमलात व्याघ्रप्रकल्प झाला. वाघ वाचावा हे योग्यच. परंतु मोटारीतून बंदूक घेऊन येणारा हौशी शिकारी आणि पायी फिरणारा चेंचू यांना कायद्याने एकाच मापाने मोजले. तेलंगणाच्या निर्मितीनंतर त्या अरण्याचा उत्तर भाग अमराबाद व्याघ्रप्रकल्प म्हणून ओळखला जातो. चेंचूंच्या काही वस्त्या, ज्यांना ते पेंटा म्हणतात, आजही त्यातच आहेत.