भाजीपाल्याच्या मुळांची सोबतीण : मायकोरायझा

बुरशी म्हटले, की शेतकऱ्याला मर आणि करपाच आठवतो. परंतु जमिनीतील सर्वच बुरशी पिकाची वैरी नसते. मुळांच्या आत राहून पिकाला अन्न मिळवून देणारी मायकोरायझा ही त्यांपैकीच एक. बुरशी व मूळ यांच्या सहजीवनाला हे नाव जर्मन शास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रँक यांनी १८८५ मध्ये दिले.

जमिनीत स्फुरद असूनही ते पिकाला लागू पडत नाही, ही नेहमीची तक्रार. स्फुरद जमिनीत फारसे हलत नाही. मुळालगतच्या एक-दोन मिलिमीटर मातीतील साठा संपला, की मूळ उपाशी राहते. बुरशीचे केसाहून बारीक तंतू त्यापलीकडे पसरून स्फुरद व जस्त आणतात आणि मोबदल्यात पिकाकडून शर्करा घेतात. कांद्याची मुळे आखूड असून त्यांना मूलरोम अत्यल्प असतात, त्यामुळे कांद्याला ही सोबत विशेष मानवते. टोमॅटो, मिरची, वांगी यांनाही ती उपयुक्त ठरते.

कोबी, फुलकोबी, मुळा, मोहरी, पालक व बीट यांच्या मुळांशी मात्र हिचे सहजीवन जुळत नाही. विक्रेते अनेकदा एकच पाकीट सर्व पिकांसाठी पुढे करतात. कोबी उत्पादकाने त्यावर केलेला खर्च मातीत जातो, तोही शब्दशः!

ट्रायकोडर्मा ही मित्रबुरशी वेगळी. ती रोगकारक बुरशीला आवर घालते आणि शेणखतात वाढविता येते. मायकोरायझा जिवंत मुळाशिवाय वाढत नाही. म्हणूनच ती रोपवाटिकेतच द्यावी. गादीवाफ्यावर बियाखालील मातीत किंवा ट्रेमधील कोकोपीटमध्ये मिसळल्यास कोवळ्या मुळाशी तिची थेट गाठ पडते आणि थोडक्या कल्चरमध्ये काम भागते. पुनर्लागवडीनंतर शेतभर फेकणे खर्चिक, शिवाय बेभरवशाचे.

स्फुरदयुक्त खताची मात्रा भरमसाट असल्यास पीक या बुरशीला थारा देत नाही. त्यामुळे माती परीक्षणानुसारच खत द्यावे. कार्बेन्डाझिमसारखी बुरशीनाशकेही तिला मारक ठरतात. कांद्याची रोपे लावणीपूर्वी त्यात बुडविणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवावे.

पाकिटावरील वापराची मुदत पाहावी व ते सावलीत, थंड जागी ठेवावे. मुळातील बुरशी डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी मुळे रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावी लागतात. शेतकऱ्याला परिणाम जोखण्याचा सोपा मार्ग म्हणजे त्याच बियाण्याचे दोन वाफे बुरशीविना राखणे आणि काढणीच्या वेळी दोन्हींचे वजन स्वतंत्र घेणे.