चहा सोडण्याचा इतिहास

काशीला जाऊन आलेली माणसं काहीतरी सोडून येतात. बहुधा पडवळ सोडतात, म्हणजे जे मुळातच आवडत नाही ते. मी डोंबिवलीतून न हलता चहा सोडला.

त्याचं असं झालं. नोकरीतून सुटल्यावर रात्रीची झोप गेली आणि छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी विचारलं, "दिवसाला चहा किती?" मी म्हणालो, "दोन-तीन." मागून सौभाग्यवती म्हणाली, "आठ." डॉक्टरांनी तिचा आकडा लिहून घेतला.

पहिला दिवस अभिमानात गेला. फडके रोडवर चार ओळखीचे भेटले, चौघांनाही सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मात्र डोकं असं धरलं की दूधवाल्याची घंटासुद्धा कवटीच्या आतून वाजू लागली. सौभाग्यवतीने सुंठ उगाळून कपाळाला लेप लावला. तरी फरक नाही. शेवटी कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानातून डोकेदुखीची गोळी आणली आणि काय सांगू, अर्ध्या तासात डोकं साफ! "बघा, मनाचा निश्चय असला की चहा सुटतो," असं मी घरात जाहीर केलं. त्यानंतर रोज सकाळी एक गोळी आणि निश्चय असा कार्यक्रम चार दिवस चालला.

पाचव्या दिवशी पुतणी आली. ती औषधशास्त्र शिकते. गोळ्यांची पट्टी उलटी करून तिने मागची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाली, "काका, यात कॅफीन आहे. जवळजवळ एका कपाइतकं. तुम्ही चहा सोडलेला नाही, गिळायला लागलात."

मग तिने मला सगळं समजावून सांगितलं. दिवसभर डोकं वापरलं (तिने 'वापरलं तर' असा शब्द घातला) की मेंदूत ॲडेनोसिन नावाचा पदार्थ साठत जातो. त्याच्यासाठी ठराविक जागा असतात. तो तिथे बसला की थकवा कळतो, झोप येते. कॅफीनचा चेहरामोहरा त्याच्यासारखाच, म्हणून ते त्या जागा अडवतं. हे मला लगेच पटलं. डोंबिवलीकर आधी उलटे कल्याणला जातात आणि तिथून सुटणाऱ्या गाडीत बसून येतात, म्हणजे डोंबिवलीला चढणाऱ्याने लोंबकळायचं, तोच प्रकार! चहाने शक्ती येत नाही. थकव्याला फक्त बसायला जागा मिळत नाही. थकवा दारात उभाच असतो. घेतलेल्या कॅफीनपैकी अर्धं ओसरायला पाचेक तास लागतात, त्यामुळे संध्याकाळचा कप रात्री बारापर्यंत खिडकी धरून बसतो. माझ्या झोपेचा हिशेब तिथे लागला.

रोजच जागा अडवल्या तर मेंदू काय करतो? रेल्वे करते तेच. डबे वाढवतो. आणि मग एके दिवशी चहा आलाच नाही की वाढलेल्या सगळ्या डब्यांत एकटं ॲडेनोसिन पाय पसरून बसतं. मेंदूच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, डोकं ठणकू लागतं. शेवटच्या कपानंतर बारा ते चोवीस तासांत हे सुरू होतं आणि आठ-नऊ दिवससुद्धा टिकतं.

एवढं उपद्व्यापी द्रव्य आपल्या घरात घुसलं कसं? कॉफीच्या बियांतून ते १८१९ साली वेगळं काढलं रुंगे या जर्मन रसायनज्ञाने, आणि बिया हातात दिल्या होत्या कविवर्य गटे यांनी. आमच्याकडे तेव्हा धन्या-जिऱ्याचा उकाळा होता. पुढे १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा-बिस्किटं आली. रानडे, टिळक अशी बडी मंडळी हजर होती. कुणी प्याले, कुणी कप हातात घेऊन खाली ठेवला. आनंदीबाई जोशींचे यजमान गोपाळराव यांनी ती नावं वर्तमानपत्रातून बाहेर काढली आणि पुणं पेटलं! प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं, रानड्यांनी १८९२ साली घेतलं. वास्तविक आक्षेप चहावर नव्हता, मिशनऱ्यांच्या हातावर होता. पण चहाला असा मान पुन्हा मिळाला नाही.

प्रायश्चित्ताचा चहा उपवासाचा झाला तो मात्र धंद्याच्या अकलेने. १९०३ साली सरकारने परदेशी जाणाऱ्या चहावर पट्टी बसवली आणि त्या पैशातून चहाचा प्रचार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्या, खाणी, रेल्वे स्टेशनं इथे चहा शिजवून पाजायची व्यवस्था झाली. १९३० साली आसामात दाणेदार चहाचं यंत्र निघालं: चिमूटभर पूड, दूध घालूनही कडक रंग आणि दर कमी. मग एकादशीला चहा चालतो असं ठरलं. हा निर्णय कुठल्या शंकराचार्यांनी दिला ते विचारू नये.

हरतालिकेला मात्र आमच्या आईचा चहासुद्धा बंद. पाण्याचा थेंब नाही. आदल्या दिवशी चारचा चहा घेतला की संपलं. दुसऱ्या दिवशी दुपारपासून ती डोकं फडक्याने आवळून अंधाऱ्या खोलीत पडायची. कपाळाला सुंठ. आम्ही पोरं टाचा उचलून चालायचो. आजी दारातून म्हणायची, "मन उपासात नसलं की असंच धरतं." आई काही बोलायची नाही. फक्त पुढल्या वर्षी आणखी कडक करायची. पहाटे उठून गणपतीची तयारी करण्याआधी ती कपभर चहा घ्यायची, आणि मोदकांची उकड काढेपर्यंत डोकं उतरलेलं असायचं. आम्ही म्हणायचो, गणपती आला आणि डोकं उतरलं. आईही तेच म्हणायची. आपली भक्ती कुठेतरी कमी पडते, असं ती अखेरपर्यंत समजत होती.

मी पुतणीला हे सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "नुसत्या चहानेच असं नाही हं काका, उपाशी राहूनही डोकं दुखतं." ज्यू लोकांच्या यॉम किप्पुरच्या आणि मुसलमानांच्या रमजानच्या पहिल्या दिवसाच्या डोकेदुखीवर डॉक्टरांनी निबंध लिहिलेत म्हणे, काहींचं बोट रिकाम्या पोटाकडे, काहींचं चहा-कॉफीकडे. "पण आजीच्या मनाकडे कुणाचंच नाही," ती म्हणाली.

सौभाग्यवतीही हरतालिका करते आणि तिचंही डोकं धरायचं. गेल्या वर्षी पुतणीने तिला आठ दिवस आधीपासून रोज अर्धा-अर्धा कप कमी करायला सांगितलं. हरतालिकेला संध्याकाळी ती ओट्याशी उभं राहून नारळ खवत होती, कपाळ कोरडं. त्या आठवड्यात सोबत म्हणून माझेही कप कापले गेले होते. तिचे गणपतीनंतर परत आले. माझे अजून आलेले नाहीत. दोनवर थांबलेत, आणि दुसरा दुपारी तीनच्या आत.