गनिमी कावा की सत्याग्रह? : ॲरन स्वार्ट्झच्या जाहीरनाम्याचे पुनर्वाचन

‘जाहीरनामा’ हा शब्द उच्चारला की आपल्याला राजकीय पक्ष आठवतात, नाहीतर लघुनियतकालिकांच्या काळातील वाङ्मयीन बंडखोरी. संगणकाच्या क्षेत्रातही जाहीरनाम्यांची एक सलग परंपरा आहे आणि तिच्यातील लेखन गद्य म्हणून वाचावे इतके नेटके आहे, ही गोष्ट साहित्याच्या अभ्यासकांकडून सहसा दुर्लक्षित राहते. १९८५ साली रिचर्ड स्टॉलमन यांनी ‘जीएनयू’चा जाहीरनामा प्रसिद्ध केला. संगणकप्रणाली वापरणाऱ्याला ती तपासण्याचा, बदलण्याचा आणि शेजाऱ्याला देण्याचा हक्क असला पाहिजे, हा त्याचा गाभा. १९९३ साली इयन मर्डॉक या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याने ‘डेबियन’चा जाहीरनामा लिहिला. या परंपरेतील सर्वांत वादग्रस्त मजकूर मात्र २००८ च्या जुलै महिन्यातला आहे. इटलीतील एरेमो हे स्थळ आणि ॲरन स्वार्ट्झ हे नाव त्याखाली आहे. त्या वेळी लेखकाचे वय होते एकवीस. साडेचार वर्षांनी तो या जगात नव्हता.

या मजकुराचा विषय संगणकप्रणाली नाही, ग्रंथालय आहे. म्हणून तो आपल्याशी, म्हणजे शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्यांशी, थेट संबंधित आहे.

स्वार्ट्झचा जन्म ८ नोव्हेंबर १९८६ चा, अमेरिकेतील इलिनॉय राज्यातला. ज्या कायद्याखाली पुढे त्याच्यावर खटला झाला तो ‘कॉम्प्युटर फ्रॉड अँड अब्यूज ॲक्ट’ही १९८६ सालचाच. चौदाव्या वर्षी तो ‘आरएसएस’ या संकेतस्थळांवरील नवा मजकूर वाचकापर्यंत पोचवणाऱ्या पद्धतीच्या १.० आवृत्तीचे नियम ठरवणाऱ्या गटात होता. त्यातील ज्येष्ठांना त्याचे वय बरेच दिवस माहीत नव्हते. लॉरेन्स लेसिग यांच्या ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’च्या परवान्यांची तांत्रिक बाजू रचण्यात त्याचा हात होता, ते परवाने डिसेंबर २००२ मध्ये खुले झाले. २००४ साली जॉन ग्रुबर यांच्यासमवेत त्याने ‘मार्कडाउन’ ही साधी लेखनखूण-पद्धती घडवली. स्टॅनफर्ड विद्यापीठात तो वर्षभरच टिकला. त्याची छोटी कंपनी ‘रेडिट’मध्ये विलीन झाली, २००६ साली ‘रेडिट’ एका मोठ्या प्रकाशनसंस्थेने विकत घेतले आणि विशीतच त्याच्या हाती पैसा आला. अशा मुलाची गोष्ट एरवी येथे यशोगाथा होऊन संपते.

ती तशी संपली नाही याचे कारण त्याच्या विचारांच्या दिशेत आहे. मुक्तस्रोत चळवळीत १९९८ पासून दोन प्रवाह स्पष्टपणे वेगळे झाले होते. स्टॉलमन ज्याला ‘मुक्त प्रणाली’ म्हणत तिचा पाया नैतिक होता: गुप्त आज्ञावली हा वापरणाऱ्यावरील अन्याय आहे. ‘ओपन सोर्स’ हे नाव रूढ करणाऱ्यांनी मात्र व्यवहाराची भाषा स्वीकारली: अनेकांनी पाहिलेली प्रणाली अधिक चांगली होते, म्हणून ती खुली असावी. पहिल्या भूमिकेत खुलेपणा हे कर्तव्य आहे, दुसरीत ती एक कार्यक्षम रीत आहे. स्वार्ट्झचे लेखन आणि काम पाहता तो निःसंशय पहिल्या पंगतीतला. पण त्याने एक पाऊल पुढे टाकले. आज्ञावलीला लावलेला न्याय त्याने ज्ञानाच्या साऱ्या साठ्याला लावला. प्रणालीचा स्रोत खुला हवा, तर कायद्याचा, संशोधनाचा, ग्रंथाचा स्रोत का नको?

हा प्रश्न तो घोषणेच्या पातळीवर सोडून देत नसे. विकिपीडिया प्रत्यक्षात कोण लिहितो, याविषयी २००६ साली त्याने केलेली पडताळणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. मोजक्या नियमित सदस्यांचा गटच बहुतांश काम करतो, असे संस्थापक जिमी वेल्स मांडत असत. स्वार्ट्झने बदलांची संख्या न मोजता प्रत्यक्ष टिकून राहिलेली अक्षरे मोजली. त्याला आढळले ते उलट होते: मूळ मजकूर पुष्कळदा एखाद-दुसऱ्या वेळी येणारा अनोळखी माणूस लिहितो आणि नियमित सदस्य त्यावर संस्कार करतात. पाठचिकित्सेची सवय असलेल्या वाचकाला ही रीत परकी वाटणार नाही. कोणी किती वेळा हात लावला याहून कोणाचे शब्द उरले हे महत्त्वाचे.

त्याच्या राजकारणाची पहिली कसोटी २००८ सालीच लागली. अमेरिकेच्या संघीय न्यायालयांची कागदपत्रे ‘पेसर’ या व्यवस्थेतून पानाला आठ सेंट घेऊन मिळत. हे कागद सार्वजनिक न्यायालयांचे, तरी वाचण्याला शुल्क होते. सतरा ग्रंथालयांत प्रायोगिक तत्त्वावर ही सेवा मोफत झाली, तेव्हा कार्ल मालामुड यांनी लोकांना आवाहन केले आणि स्वार्ट्झने एका आज्ञावलीच्या साहाय्याने सुमारे २७ लाख कागदपत्रे, म्हणजे जवळजवळ दोन कोटी पाने उतरवून घेतली. प्रयोग थांबवण्यात आला. एफबीआयने चौकशी केली आणि २००९ साली आरोप न ठेवता ती मिटवली. मालामुड यांनी ही पाने तपासली, तेव्हा न्यायालयांनी झाकायला हवी होती अशी खाजगी माहिती त्यांत उघडी पडलेली आढळली. ती त्यांनी न्यायाधीशांच्या नजरेस आणली. खुलेपणा आणि खाजगीपण यांचा विवेक या कामात होता, हे विसरता कामा नये.

आता तो जाहीरनामा. त्याचा आशय थोडक्यात असा: शतकानुशतकांचा वैज्ञानिक आणि सांस्कृतिक वारसा मूठभर कंपन्यांच्या कुलपात जात आहे. श्रीमंत विद्यापीठांतल्यांना तो खुला आहे, उरलेल्या जगाला बंद. ज्यांच्याजवळ प्रवेश आहे, म्हणजे विद्यार्थी, ग्रंथपाल, शास्त्रज्ञ, त्यांनी तो स्वतःपुरता ठेवणे नैतिकदृष्ट्या अशक्य आहे. अन्याय्य कायदा पाळण्यात न्याय नसतो. तेव्हा प्रती कराव्यात आणि जगाला द्याव्यात. देवाणघेवाणीला ‘चाचेगिरी’ म्हणणे म्हणजे प्रत काढणाऱ्याला जहाज लुटून खलाशांची कत्तल करणाऱ्यांच्या रांगेत बसवणे, हा त्यातील शब्दविवेक तर एखाद्या समीक्षकाला शोभणारा आहे.

या मजकुराचे बळ त्याच्या संबोधनात आहे. वंचितांना ‘उठा’ म्हणणारे जाहीरनामे पुष्कळ. हा मात्र प्रवेश असलेल्यांकडे तोंड करून बोलतो. संकेतशब्द ज्याच्या खिशात आहे, जबाबदारी त्याची.

त्याची अडचणही मजकुरातच दडलेली आहे. शीर्षकात ‘गनिमी’ युद्धाचा शब्द आहे आणि मजकुरात सविनय कायदेभंगाच्या थोर परंपरेची आठवण. महाराष्ट्रातील वाचकाला ही दोन नावे एका दमात घेतलेली पाहून थबकावेसे वाटते, कारण आपल्या इतिहासात या दोन वेगळ्या युद्धनीती आहेत. गनिमी काव्याचे सामर्थ्य न दिसण्यात असते, सत्याग्रहाचे सामर्थ्य दिसण्यात.

या संदर्भात मुंबईतला एक दिवस आठवावा. ६ एप्रिल १९१९. रौलट कायद्याविरुद्धच्या हरताळाच्या संध्याकाळी गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारीतून बाहेर पडले आणि त्यांनी ‘हिंद स्वराज’ आणि ‘सर्वोदय’ ही सरकारने बंदी घातलेली पुस्तके रस्त्यावर उघडपणे विकली. किंमत चार आणे. घेणाऱ्यांनी त्याहून कितीतरी अधिक दिले. एक प्रत पन्नास रुपयांना गेल्याची नोंद गांधीजींच्या आत्मकथेत आहे. विकत घेणाऱ्यालाही तुरुंग होऊ शकतो, हे लोकांना आधी समजावून सांगितलेले होते. दुसऱ्या दिवशी ‘सत्याग्रही’ हे नोंदणी नसलेले पत्रक निघाले. सरकारने ही पुनर्मुद्रित पुस्तके म्हणजे बंदी घातलेली पुस्तके नव्हेत असा पवित्रा घेतला आणि गुन्हाच घडला नाही असे ठरवले. ग्रंथप्रसार हाच कायदेभंग झाल्याचे हे उदाहरण स्वार्ट्झच्या जाहीरनाम्याच्या जवळचे आहे. फरक एवढाच की तेथे विक्रेत्याचा चेहरा, नाव आणि हेतू सरकारला ठाऊक असावा, हीच अट होती.

सप्टेंबर २०१० पासून स्वार्ट्झने एमआयटीच्या जाळ्यातून ‘जेस्टोर’वरील लेख उतरवायला सुरुवात केली. अडथळे घातले गेले तसतसे त्याने मार्ग बदलले. शेवटी एका तळघरातील तारांच्या खोलीत संगणक ठेवला. जानेवारी २०११ मध्ये त्या खोलीत शिरताना त्याने सायकलचे शिरस्त्राण चेहऱ्यासमोर धरल्याचे चित्रण आहे. ६ जानेवारीला त्याला अटक झाली, तेव्हा सुमारे ४८ लाख लेख त्याच्याकडे होते. त्या काळात तो हार्वर्डच्या नीतिशास्त्र केंद्रात अधिछात्र होता. लेखांचे तो काय करणार होता, हे त्याने जाहीरपणे सांगितले नाही. अभियोक्त्यांनी २००८ चा जाहीरनामा हेतूचा पुरावा म्हणून पुढे केला. म्हणजे विचार उघड होता आणि कृती झाकलेली; उघड विचारानेच झाकलेल्या कृतीला गोत्यात आणले.

येथे ‘जेस्टोर’ची बाजूही मांडली पाहिजे. ही १९९५ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था. जुन्या नियतकालिकांची पाने टिपणे, जपणे, शोधता येण्याजोगी करणे याला खर्च लागतो. ग्रंथालयाच्या तळघरात जुन्या अंकांचा भुगा होताना ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. ज्ञान मुक्त असावे म्हणताना ते सांभाळणाऱ्याचे वेतन कोण देणार, या प्रश्नाला जाहीरनाम्यात उत्तर नाही. ही त्याची खरी उणीव.

परंतु अपराध आणि शासन यांच्या प्रमाणाचा विचार केला की पारडे फिरते. ‘जेस्टोर’ने २०११ मध्येच त्याच्याशी तडजोड केली, आपल्याला खटल्यात रस नाही असे कळवले. तरी जुलै २०११ मध्ये चार कलमांचे आरोपपत्र आले आणि सप्टेंबर २०१२ मध्ये कलमांची संख्या तेरा झाली. कमाल शिक्षेची बेरीज अनेक दशकांवर गेली. सर्व गुन्हे कबूल केल्यास काही महिन्यांच्या कैदेवर भागेल, असा देकार होता. गुन्हेगार म्हणवून घेणे त्याला मान्य नव्हते. याच काळात तो ‘सोपा’ या आंतरजालावर निर्बंध आणू पाहणाऱ्या विधेयकाविरुद्धच्या लढ्यात आघाडीवर होता. १८ जानेवारी २०१२ रोजी इंग्रजी विकिपीडिया दिवसभर काळा राहिला आणि दोनच दिवसांत ते विधेयक बासनात गेले. कायदा उघडपणे कसा बदलवायचा हे त्याला पुरते समजलेले होते. ११ जानेवारी २०१३ रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याने आत्महत्या केली. तीन दिवसांनी आरोप मागे घेण्यात आले.

सत्याग्रही शिक्षा मागून घेतो, हे खरे. १९२२ साली अहमदाबादच्या न्यायालयात गांधीजींनी जास्तीत जास्त शिक्षा मागितली. पण त्या मागणीमागे लोकसमुदाय होता, संघटना होती, शिक्षेला अर्थ देणारी भाषा होती. एकट्याने केलेल्या कायदेभंगाला यांपैकी काहीच नसते. स्वार्ट्झच्या मार्गावर टीका करताना ही विषमता नजरेआड करणे अन्यायाचे होईल.

पुढे काय झाले? फेब्रुवारी २०१३ मध्ये अमेरिकी प्रशासनाने सरकारी पैशातून झालेले संशोधन साधारण वर्षभरात खुले करण्याचे धोरण काढले. २०२२ साली हा विलंबही काढून टाकण्याचे ठरले. त्याच्या नावाने मांडलेले कायदा-दुरुस्तीचे विधेयक मात्र संमत झाले नाही. २०२१ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका वेगळ्या खटल्यात त्या १९८६ च्या कायद्याचा अर्थ आकुंचित केला.

आपल्याकडे या कथेचा एक धागा प्रत्यक्ष पोचला आहे. स्वार्ट्झचे सहकारी मालामुड यांनी पुढे ‘डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया’तील चार लाखांच्या आसपास पुस्तके ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर ठेवली. त्यांत हजारो मराठी ग्रंथ आहेत; आज जुन्या मराठी पुस्तकाचा शोध घेणारा विद्यार्थी बहुधा तेथेच जाऊन पोचतो. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्सच्या दुकानावर तीन मोठ्या प्रकाशकांनी २०१२ साली दावा लावला होता. २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने अध्यापनासाठी काढलेल्या प्रतींच्या बाजूने कौल दिला. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र, एक सदस्यता’ योजना मंजूर केली: तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे १३,००० नियतकालिके. सरकारी संस्थांतील विद्यार्थ्यांसाठी हे दार आता उघडे आहे, ही समाधानाची गोष्ट. पण दार उघडले ते किल्ली विकत घेऊन. संस्थेबाहेरचा अभ्यासक, निवृत्त शिक्षक, तालुक्याच्या वाचनालयात बसून बोलीचा कोश करणारा माणूस अजून उंबऱ्याबाहेरच आहे.

स्वार्ट्झचा मार्ग अनुकरणीय होता असे आम्हाला वाटत नाही. गनिमी कावा आणि सत्याग्रह यांची सांगड त्याला घालता आली नाही, कदाचित ती घालता येतही नसावी. मात्र त्याने ज्यांना उद्देशून लिहिले त्या यादीत आपण आहोत. आपल्या लेखांचे हक्क आपण कोणाला लिहून देतो, महाविद्यालयाच्या वार्षिक अंकांचे जुने खंड कोणाला पाहू देतो, स्वतःचे प्रबंध शोधणाऱ्याच्या हाती लागतील असे ठेवतो की नाही, या गोष्टी करायला कायदा मोडावा लागत नाही. त्या आजच, नावानिशी आणि उघडपणे, करता येतात. जाहीरनाम्याचे उत्तर द्यायचे तर सुरुवात तेथून करावी.