सुभेदार रामजींचा इंग्रजीचा तास

जयंतीच्या भाषणांत वाघिणीच्या दुधाचा उल्लेख हमखास होतो. बाबासाहेबांच्या पदव्या एका दमात मोजल्या जातात. पण कोलंबियाच्या आधी एक हायस्कूल होते, आणि त्या वयात हा मुलगा इंग्रजी वाचायला-लिहायला नेमका कसा शिकला, हे फारसे कुणी सांगत नाही. पदव्यांपुढे हात जोडणे सोपे आहे, पद्धत उचलणे कठीण. आपल्या वस्त्यांतील मुलांना आज गरज आहे ती त्या पद्धतीची.

सुरुवात महात्मा फुल्यांपासून करू. १८४१ ते १८४७ या काळात ते पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकले. त्या इंग्रजीच्या बळावर त्यांनी थॉमस पेनचे ‘राइट्स ऑफ मॅन’ वाचले. १८७३ साली ‘गुलामगिरी’ मराठीत लिहिली, पण तिला इंग्रजी प्रस्तावनाही जोडली. आपल्या माणसांसाठी मराठी आणि सत्ता चालवणाऱ्यांसाठी इंग्रजी, हा हिशेब त्यांना पक्का कळला होता. सावित्रीमाईंनी तर १८५४ च्या ‘काव्यफुले’त इंग्रजी शिकण्याचा आग्रह कवितेतून धरला.

त्याच फुले दांपत्याच्या शाळेतील मुक्ता साळवे. मांग समाजातील अवघ्या चौदा वर्षांची ही मुलगी. महार-मांगांच्या दुःखावरचा तिचा निबंध १८५५ मध्ये ‘ज्ञानोदय’ने छापला. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आमचा धर्मग्रंथ कोणता, असा रोकडा सवाल तिने त्यात केला. निबंध मराठीत होता; पण लेखन कसे शिकवावे याचा तो धडाच आहे. तिला ठरावीक साच्यातले लिहायला लावले असते, तर हा सवाल कागदावर आलाच नसता.

आता सुभेदार रामजींकडे येऊ. ते लष्करी शाळेत हेडमास्तर होते. भीमरावांना त्यांनी हॉवर्डची इंग्रजी वाचनमाला आणि तर्खडकरांची भाषांतराची पुस्तके घरीच पक्की करून घेतली. भाषांतर करताना नेमका, चपखल शब्द शोधायला लावले. परळच्या चाळीतील एका खोलीत हा अभ्यास चाले. मुलाला लवकर झोपवून पहाटे दोनला उठवले जाई. पुस्तकाला पैसे नसले, तर रामजी लेकींकडून उसने घेत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण पडे. दुसरीकडे एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये हाच मुलगा फळ्याकडे निघाला की वर्गातील पोरे फळ्यामागचे आपले डबे हलवायला धावत. संस्कृतचे दार बंद झाले म्हणून त्याला फारसी घ्यावी लागली. शाळेने दिले नाही ते बापाने दिले. १९०७ साली तो मॅट्रिक झाला.

या शब्दशोधाचे फळ १९३६ साली दिसले. जातपात तोडक मंडळाला बाबासाहेबांच्या इंग्रजी भाषणातील काही मजकूर बदलून हवा होता. त्यांनी स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषद रद्द झाली, भाषण त्यांनी स्वतः छापले. आपण काय लिहिले आणि तेच का लिहिले, हे ज्याला ठाऊक असते, तोच असा ठाम उभा राहू शकतो. घोकलेल्या वाक्यांसाठी कुणी भांडत नाही.

मग आजचा हायस्कूलचा इंग्रजीचा तास पाहा. २००० सालापासून महाराष्ट्रात मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आहे, म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षे. पण असंख्य वर्गांत सर धडा वाचतात, मराठीत अर्थ सांगतात, फळ्यावर उत्तरे लिहितात. मुले ती उतरवून घेतात. पत्र गाईडमधले, निबंधही गाईडमधला. मुलाने स्वतः एक परिच्छेद वाचलेला नसतो आणि स्वतःचे एक वाक्य लिहिलेले नसते. तरी तो पास होतो. ज्याच्या घरी पुस्तके आहेत, इंग्रजी जाणणारे आईबाप आहेत, त्याचे यात फारसे बिघडत नाही. बिघडते ते पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्याचे. घटनेच्या कलम ३४८ नुसार उच्च न्यायालयाचे आणि सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते. आपल्या अन्यायाचा निकाल आपल्यालाच वाचता येत नसेल, तर ही नवी मनुस्मृती नाही तर काय?

यावर काही जण म्हणतात, इंग्रजी माध्यमात घाला की झाले. आम्हाला हे पटत नाही. गल्लीतल्या इंग्रजी शाळेतही घोकंपट्टीच असेल, तर फी जाते आणि भाषा येत नाही. दुसरे मातृभाषेचे गोडवे गातात आणि स्वतःची मुले कॉन्व्हेंटमध्ये पाठवतात. त्यांच्याविषयी न बोललेलेच बरे. खरा प्रश्न मूल स्वतः वाचते का आणि स्वतः लिहिते का, हा आहे.

म्हणून विहारांत आणि अभ्यासिकांत आपण रामजींचा तास सुरू करू. आठवी ते दहावीच्या मुलांनी रोज एक इंग्रजी उतारा मोठ्याने वाचावा. त्याचे मराठी करावे, पुस्तक मिटून त्या मराठीचे पुन्हा इंग्रजी करावे आणि मूळ उताऱ्याशी ताडून पाहावे. कुठला शब्द चपखल बसला आणि कुठला नाही, यावर चर्चा व्हावी. आठवड्यातून एकदा मुक्ता साळवेसारखे आपल्या जगण्यावर लिहावे: नळाला पाणी का येत नाही, शिष्यवृत्ती का अडली. आधी मराठीत, मग इंग्रजीत. चुका होतील, होऊ द्या. लाल शाईने वही रंगवण्यापेक्षा तेच पान पुन्हा लिहायला लावा.

शिकलेल्या तरुणांनो, यासाठी निधी लागत नाही. आठवड्याचे दोन तास लागतात. एका चाळीतील खोलीत एका बापाने ते करून दाखवले आहे.

जय भीम!